खालची बाजू

४ फेब्रुवारी

वेंधू,

हे पत्र चौकशीचं आहे, ख्यालीखुशालीचं नाही. आधीच सांगते, नाहीतर चार ओळींनंतर तू म्हणशील, ताईला काहीतरी हवं असणार. हवंच आहे. मला तुझ्या पायांची माहिती हवी आहे. फोनवर तू दोन शब्दांत उत्तर देतोस आणि मला निदान एक अख्खं वाक्य लागेल, म्हणून कागद.

आधी माझं सांगते. काही महिन्यांपासून माझा उजवा पाय दुखतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरुवात होते, नडगीच्या कडेने कळ खाली उतरते आणि पावलाच्या वरच्या बाजूवर पसरते. 'दुखतो' हा शब्द बरोबर आहे का, याचा मी विचार केला. दात दुखतो तसं हे नाही. कुणी आतून गरम तार ओढावी तसं थोडा वेळ होतं, मग मुंग्या येतात, मग काहीच नसतं. ते 'काहीच नसणं' सगळ्यात वाईट, कारण तिथून बोट फिरवलं तर परक्याचा पाय चाचपल्यासारखं वाटतं. हल्ली पाऊल वर उचललं जात नाही. चवडा आधी टेकतो. चप्पल मागे राहते आणि मी पुढे जाते.

घरात एकाचा पाय दुखला की बाकीच्यांना डॉक्टरकी सुचते. आत्या म्हणाली, मागच्या खोलीतली फरशी गार आहे म्हणून. मग तिने मत बदललं आणि कमरेची शीर दबल्याचं जाहीर केलं, कारण तिच्या नणंदेची तशीच दबली होती. ती नणंद तिला कधीच आवडली नाही, त्यामुळे हे निदान तिने जरा चवीने केलं. दुकानात फ्रेमींचं लाकूड टाकणारा म्हणाला, साखर बघा. समोरचा शिंपी म्हणाला, जीवनसत्त्वं कमी पडली. बाबा म्हणाले, "वय." मी म्हटलं, "पाय दोन्ही एकाच वयाचे आहेत."

सगळं तपासून झालं. साखर नाही. रक्तात काही कमी नाही. कमरेच्या फोटोत मणक्यांमधली एक चकती थोडी बसलेली दिसली, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, या वयात ती निम्म्या लोकांची बसलेली असते, उगाच तिच्यावर आळ घेऊ नका. मग त्यांनी नसांची तपासणी करायला सांगितली. कातडीला चकत्या चिकटवून बारीक झटके देतात आणि नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. गुडघ्याच्या खाली, जिथे हाड बाहेरून हाताला लागतं, तिथे माझा निरोप अडतो. हे त्यांना अपेक्षित होतं. पण डाव्या कोपरापाशीही तो थोडा अडतो. ते त्यांना अपेक्षित नव्हतं.

"घरात कुणाला असं आहे?" त्यांनी विचारलं. "सारखं ठेचकाळणं, पाय झोपणं, हातातून वस्तू पडणं?"

मी "नाही" म्हणाले. मग तुझं टोपणनाव आठवलं आणि ते त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

काही घरांत नसांवरचं आवरण जन्मतःच नाजूक असतं म्हणे. दुसऱ्या कुणाला जाणवणारही नाही एवढ्या दाबाने ती नस बधिर होते. पाऊल उचललं जात नाही, पकड सुटते. माणूस वेंधळा आहे असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याचदा त्यालाही.

तुला आता कळलं असेल मी कशाबद्दल लिहिते आहे. तो मोठा आरसा दुकानाच्या माळ्यावरून उतरवताना तू खालच्या बाजूला होतास आणि बाबा वरच्या. मी कॉलेजात होते. घरी आले तेव्हा जिन्यावरच्या रक्तावर पाणी ओतून झालं होतं. एवढंच कळलं की तुझा पाय पायरीत अडकला, आरसा घसरला, बाबांनी तो धरला आणि त्यांची दोन बोटं कायमची ताठ झाली. आपल्या धंद्याचा पहिला धडा तुलाही त्यांनीच दिला होता: निसटली तर सोड, काच दुसरी मिळते, हात मिळत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच तो मोडला. आरसा मोठ्या गिऱ्हाइकाचा होता, असं घरात म्हणत असत. मला ते कारण कधी पुरलं नाही, पण दुसरं कुणी दिलं नाही.

म्हणून प्रश्न. तुझे पाय झोपतात का? कुठे? हातातून अजून पडतं का? जमेल तेवढं नेमकं लिही.

— ताई

२१ फेब्रुवारी

वेंधू,

तुझं उत्तर मिळालं. अर्धं पान. आपल्या इतक्या वर्षांच्या मानाने ती कादंबरीच म्हणायची.

तू लिहिलंस: "खाली मांडी घालून बसलो की उजवा पाय झोपतो. हातातून पडतं, पण पूर्वीइतकं नाही. पोर सारखी पडते. तिच्या बुटांची टोकं आधी झिजतात. तिलाही असेल का?"

हा शेवटचा प्रश्न मी वाचला आणि पत्र उलटं करून ठेवलं. माझ्या चौकशीतून तुझ्या घरात काय शिरेल, याचा मी विचार केला नव्हता. तुझा केला होता. पोरीला मी एकदाच पाहिलंय, आपली आई गेली तेव्हा, तुझ्या खांद्यावर झोपलेली. ती आता पळते आणि पडते, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणाल्या, "आधी तुमचं रक्त तपासू. तुमच्यात नसेल तर त्यांना घाबरवायचं काहीच कारण नाही." रक्त दिलंय. निकालाला वेळ लागतो.

खाली तू आणखी एक ओळ लिहिली होतीस: "बाबांनी आरसा धरला, मला नाही. मला लागलं का, हे विचारायच्या आधी 'पाय उचलता येत नाही का' हे विचारलं."

हे तू त्यांना कधी विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्याऐवजी एक वेगळीच गोष्ट केली, आणि ती बरोबर केली की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बाबांना आजाराबद्दल सांगितलं. निकाल यायच्या आधी.

ते काच कापायच्या टेबलापाशी होते. हल्ली ते कापत नाहीत, मी कापलेल्या काचांच्या कडा बघतात आणि नाक मुरडतात.

"म्हणजे त्याचा पाय उचललाच जात नव्हता?"

"तसं असू शकतं, असं म्हणाल्या."

"म्हणजे तो मुद्दाम रडतराऊतासारखा चालत नव्हता."

"बाबा, असू शकतं."

"ऐकलं मी."

त्यांनी ऐकलं होतं, पण 'असू शकतं' हे नव्हतं ऐकलं. बराच वेळ ते फडक्याने एकच काच पुसत राहिले. मिटत नाहीत ती दोन बोटं फडक्याच्या बाहेर सरळ उभी होती. मग म्हणाले, "पत्ता आहे ना तुझ्याकडे? लिही त्याला. म्हणावं, दोष नव्हता."

लिहिलं. निरोप जसाच्या तसा आहे. त्याला आधार किती आहे, ते वर लिहिलंच आहे.

— ताई

५ मार्च

वेंधू,

तू महिनाअखेरच्या रविवारी पोरीला घेऊन येतोस, हे वाचून बाबांना दाखवलं. त्यांनी पत्र लांब धरून वाचलं, घडी केली, परत उघडलं. "रविवारी दुकान बंद असतं," म्हणाले. हे ते मला सांगत होते, की स्वतःला, कळलं नाही.

आता त्यांना आवरणं कठीण झालंय. येईल त्या गिऱ्हाइकाला ते आपल्या नसांबद्दल सांगतात. काल शिंपी फ्रेम न्यायला आला होता.

"आमच्याकडे घराण्यातच आहे ते," बाबा म्हणाले. पिढीजात जमीन असावी तसा आवाज. "मुलाला होतं, आता मुलीला निघालं. आम्ही बिचाऱ्याला उगाच बोललो."

आत्या आत पीठ चाळत होती, ती तशीच बाहेर आली. "घराण्यातलं म्हणजे मलाही का? मी अजून टुणटुणीत आहे!"

"मागे न्हाणीघरात कोण पडलं होतं?"

"साबण होता तो! साबणाला पण नसा असतात का तुझ्या?"

शिंपी एवढा हसला की फ्रेम परत टेबलावर ठेवावी लागली. बाबाही हसले. मी हसले नाही, कारण मला निकालाची आठवण झाली.

पावलाला आता एक पट्टी लावतात, पोटरीमागून तळव्याखाली जाणारी, कडक. तिच्यामुळे चवडा खाली पडत नाही. बूट एक नंबर मोठा घ्यावा लागला, फक्त उजवा. दुकानदार म्हणाला, जोडीच घ्यावी लागेल. म्हणून माझ्याकडे डाव्या पायाचा एक बूट जास्तीचा आहे. नस परत चालू लागली नाही तर ही पट्टी कायमची, आणि जिना चढून काच आणणं बंद. माळ्यावर एक मोठा आरसा तयार उभा आहे, नाचाच्या वर्गाचा. दोन माणसांचं काम. माझ्या पायाने ते होत नाही आणि बाबांच्या हाताने होत नाही. बाहेरचा माणूस बोलावू का, विचारलं, तर म्हणाले, "थांबू दे." नाचाच्या बाईंचे दोन फोन येऊन गेले.

एक गोष्ट लिहायची की नाही, यावर दोन दिवस घालवले. मला निकाल 'आहे' असा यावा असं वाटतं. हे लक्षात आलं तेव्हा मी आधी त्याला चांगलं नाव देऊन पाहिलं: तुझ्यासाठी. पण 'आहे' आला तर पोरीच्या डोक्यावर टांगती तलवार येते, माझं पाऊल आयुष्यभर भरवशाचं राहत नाही, आणि तरी मला तेच हवं, कारण मग आपल्या घरातल्या एका दिवसाला कारण मिळतं. हे फारच नीटनेटकं आहे. फ्रेमीचे चारही कोपरे पहिल्याच फटक्यात जुळले की मी मापं परत घेते. बहुतेक वेळा कुठेतरी चुकलेलं असतं.

— ताई

१९ मार्च

वेंधू,

निकाल 'नाही' असा आला.

पोरीला काही नाही. ही ओळ आधी वाच आणि मग पाहिजे तर पुढचं वाच. डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं: माझ्यात ते नाही, त्यामुळे तुझ्यात किंवा तिच्यात शोधत बसायला काही आधार नाही. लहान मुलं पडतात. बुटांची टोकं झिजतात, कारण ती मुलं टोकांनी दगड उडवतात. मांडी घालून बसलं की कुणाचाही पाय झोपतो. "तरी मनात राहिलं तर एकदा दाखवून घेऊ दे," म्हणाल्या, "पण मी असते तर रांगेत उभी राहिले नसते."

"मग माझं काय?" मी विचारलं.

त्या कागद बघायच्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही काम करताना कशा बसता, दाखवा."

मी दाखवलं. उंच स्टूल नव्हतं, त्यांच्या खुर्चीवरच बसले. उजवा पाय डाव्यावर, वरच्या गुडघ्यावर फ्रेम टेकवलेली, डावं कोपर टेबलाच्या कडेवर, उजव्या हातात कुंचला. फ्रेमींना सोनेरी रंग मी अशीच बसून लावते. सकाळी बसले की जेवायलाच उठते. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली, त्या हाडापाशी, बोट ठेवलं. बरोबर तिथे वरचा पाय खालच्या गुडघ्यावर दाबला जातो आणि फ्रेम त्याला आणखी दाबते.

"वजन कमी झालं का मध्ये?"

गेल्या वर्षी तापाने पडून होते, तेव्हा बरंच उतरलं. आत्या म्हणायची, कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसतात.

"नसेवर तिथे थोडी चरबी असते, गादीसारखी. ती गेली. मग नस, हाड आणि तुमची फ्रेम, एवढंच उरलं. कोपराचंही तेच."

इतके महिने कमरेचे फोटो, रक्त, घराणं, आणि कारण माझ्या मांडीवर बसलेलं. कसं बसता, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मी स्वतःकडे इतकं बारकाईने बघणारी, रोज रात्री वहीत दिवस टिपणारी, मीही पाहिलं नाही. नस तुटलेली नाही, दबलेली आहे. पाय पायावर टाकणं बंद, कोपराखाली उशी, व्यायाम. काही महिन्यांत परत येईल, बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द त्यांचा आहे. अंगठा आता किंचित वर होतो. मीच बघत असते म्हणून मला दिसतो.

आता बाबा. तुला आधी लिहावं आणि त्यांना रविवार झाल्यावर सांगावं, असा एक विचार आला. तू आला असतास, जेवला असतास, त्यांनी तुला 'दोष नव्हता' असं तोंडाने म्हटलं असतं, आणि मी तोंड मिटून वाढत राहिले असते. कुणाचं काय बिघडलं असतं, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण तुम्ही दोघं एका चुकीच्या कागदावर सही करताय आणि तो कागद मी लिहून दिलाय, हे बघत मला बसवलं नसतं. म्हणून परवा दुपारी सांगितलं.

ते माळ्याच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. बसण्याची रीत, फ्रेम, वजन. त्यांनी माझ्या स्टुलाकडे पाहिलं.

"म्हणजे घराण्यातलं नाही."

"नाही."

"म्हणजे त्यालाही नव्हतं."

"तसं मानायला काही कारण नाही आता. बाबा, त्याचा पाय नुसता अडकला होता. कुणाचाही अडकतो तसा."

मला वाटलं, आता ते उठून आत जातील. जुना चेहरा येईल. मी तुझं पत्र खिशात घेऊनच गेले होते, ते काढलं आणि तुझी ती खालची ओळ वाचून दाखवली: "बाबांनी आरसा धरला, मला नाही." वाचताना माझा आवाज एकसारखा राहिला. उगीच रंग भरायचा नाही असं ठरवलं होतं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी हिशेबात बेरजेच्या जागी वजाबाकी केली आहे.

"आरसा कोण धरतं?" ते म्हणाले. "वेडेबिडे आहात का दोघं? काच निसटली तर सोडायची, हे शेंबड्या पोराला कळतं. तो खाली होता."

त्यांनी दोन्ही हातांनी जिन्याची रुंदी दाखवली.

"जिना हा असा. सरकायला जागा नाही. मी सोडला असता तर सगळा त्याच्या मानेवर. तो खाली होता ना!" मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "हे त्याला माहीत नाही?"

"नाही, बाबा."

"तुला?"

"मलाही नाही."

"इतकं सरळ आहे ते," ते म्हणाले. "त्यात सांगायचं काय?"

मग तू पत्रात लिहिलेलं मी विचारलं, की लागलं का हे त्याला का नाही विचारलं. त्यांनी पायरीच्या कडेवरून हात फिरवला. "तो उभा दिसत होता," म्हणाले. "उभा दिसला आणि मला एवढा राग आला, एवढा राग आला, की काय सांगू." पुढे त्यांना सांगता आलं नाही, आणि मी सुचवलं नाही. माझ्याकडे त्या रागासाठी एक शब्द होता. पण मी आत्ताच एक कारण सुचवून पाहिलं होतं आणि ते चुकीचं निघालं होतं.

त्यामुळे आता तुझ्याकडे आजार नाही, आणि तुझा पाय अडकला, हे आहे. याने तुझा दोष जातो की राहतो, हे मी ठरवत नाही. फोन करता आला असता, पण हे वाचताना तू एकटा असावंस आणि तुला लगेच काही बोलावं लागू नये, म्हणून पत्र. रविवारच्या आधी पोचेल अशा बेताने टाकते आहे. आलास तर आत्या पोरीसाठी काहीतरी शिवते आहे. काय ते मलाही सांगत नाही. नाही आलास तर ती मापाने मोठं करून ठेवेल.

काल नाचाच्या बाईंचा परत फोन आला. बाबांनी मला फोन घेऊ दिला नाही, स्वतः घेतला. "सोमवारी मिळेल," म्हणाले, "रविवारी माणूस येतोय." मी खुणेने विचारलं, कोण माणूस? त्यांनी फोन ठेवला, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वरची बाजू त्याला दे. ह्या वेळी खाली मी."

त्यांच्या हाताने ते होणार नाही. त्यांनाही ते माहीत आहे. ते जसं म्हणाले तसं लिहिलं आहे.

— ताई